दिवस कुठे जातात

शनिवारी सकाळी धाकटीला पोहायला नेणं माझ्याकडे आहे. सायकलच्या पिशवीत टॉवेल असतो, केळं असतं, आणि परीक्षा जवळ आली की एक जुनी पँट, शर्ट आणि कॅनव्हासचे बूटही असतात. या देशात मुलांनी कपड्यांसकट पोहून दाखवायचं असतं. कालव्यात पडणारं पोर काही पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, असा इथला सरळ हिशेब. आम्ही आयाबाप काचेआड कॉफीचे कागदी पेले धरून बसतो. काचेवर वाफ धरते. मुलं बाहेर येतात तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेले, पँटचे पाय गळताहेत, बुटांतून पचपच आवाज. मधलं दार उघडतं, क्लोरीनचा वास येतो, आणि एवढ्या वर्षांनीही माझ्या पोटात एक बारीकसा गोळा येतो.

तो गोळा कोल्हापूरचा आहे. 1989 चा मे महिना, मी तेरा वर्षांची, आणि रंकाळ्याजवळचा अंबाई टँक. बायकांची बॅच पुरुषांच्या बॅचनंतर असायची. आम्ही फाटकाशी रांगेत उभ्या असायचो तेव्हा ओल्या केसांचे पुरुष आमच्या शेजारून बाहेर पडायचे, खांद्यावर टॉवेल, तोंडात शिट्टी. चौथ्या की पाचव्या दिवशी माझी मैत्रीण कपडे बदलता बदलता कानाशी येऊन म्हणाली, "ह्या पाण्यातनं दिवस जात्यात. तुला ठाऊक हाय न्हवं?" तिला हे तिच्या चुलतबहिणीनं सांगितलं होतं, आणि चुलतबहीण बारावी सायन्सला होती. त्यामुळे प्रश्नच मिटला.

माझे तोवर चार दिवस पोहून झाले होते. शिवाय पाणी गिळलंही होतं.

पुढचे एकेचाळीस दिवस मी बोटांवर मोजले. त्या वयात पाळीला काही शिस्त नसते, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलेलं होतं ते वहिनीला, तिला दिवस गेले तेव्हा: पपई खायची नाही. आजीनं घरात पपई आणायचीच बंद केली होती. म्हणून मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून, खाऊच्या पैशातून, रोज पपईची फोड खायला लागले. आठवडाभर. फोडीवर तो गाडीवाला मीठ-तिखट टाकून द्यायचा. मला पपई आवडते असा घरात समज झाला तो आजतागायत आहे. भारतात गेले की आई अजून माझ्यासाठी कापून ठेवते.

आता वाटतं, त्या भीतीत भाषेचाही हात होता. "तिला दिवस गेले." या वाक्यात पुरुष कुठे आहे? दिवस जातात, आपले आपण, जसा पाऊस पडतो. "राहिली" म्हणतात तेव्हाही ती एकटीच राहते. पाळीला आमच्याकडे "कावळा शिवला" म्हणत, आणि मी लहानपणी खरोखरच कठड्यावरच्या कावळ्यांपासून आईला दूर ओढायची, कारण तो शिवला की ती चार दिवस मला जवळ घेत नसे. आणि मी स्वतः कुठून आले, तर मला बोहारणीकडून दोन जुन्या जरीच्या साड्यांवर घेतलं होतं. शेजारच्या मुलाला एकच साडी पडली होती, त्यामुळे मला त्यातल्या त्यात मान होता. अशा माहितीवर वाढलेल्या मुलीनं टँकच्या पाण्यावर संशय घेतला तर नवल काय? कावळ्यानं शिवून जे होतं ते पाण्यानं का होऊ नये?

माझी मावशी मिरजेला नर्स होती. सुट्टी संपता संपता मी तिच्याकडे गेले होते. ती मेथी निवडत बसली होती. मी पाठ करून ठेवलेला प्रश्न विचारला, आणि विचारताना आपण मैत्रिणीबद्दल बोलतोय असं दाखवलं: टँकच्या पाण्यानं काही होतं का गं? मावशी हसली नाही. ती उठली, स्वयंपाकघराचं दार लोटलं, कडी घातली, परत येऊन बसली आणि म्हणाली, "पाण्याचं राहू दे. तुला कुणी काही केलंय का?"

मला प्रश्न कळलासुद्धा नाही. मी नाही म्हटलं, ते खरंच होतं. ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, मेथीची काडी हातात तशीच. मग म्हणाली, "ते जंतू म्हणजे काय मासे न्हवेत बाई. टँकच्या पाण्यात पडले की मेले." आणि पुढच्या दहा मिनिटांत तिनं मला काय असतं आणि काय नसतं ते सगळं सांगितलं, बाजारातल्या भावाच्या सुरात. दारामागे काकांनी दोनदा चहा मागितला. तिनं दोनदा "थांबा" म्हटलं. मला आयुष्यात त्या दोन "थांबा"इतका मान फार कमी वेळा मिळाला आहे.

पुढे मी मोठी झाल्यावर या विषयावर आम्ही दोघी हसायचो. तिच्याकडे मोठा साठा होता. एसटीत पुरुष उठून गेल्यावर त्याच्या गरम सीटवर बसल्यानं. भावाचा टॉवेल वापरल्यानं. दोरीवर नवऱ्यामुलाची आणि करवलीची कापडं एकाला एक लागून वाळल्यानं. सिनेमात हिरोहिरॉइन झाडाआड गेले आणि पुढच्याच रिळात पाळणा हलला, तेव्हा झाडानं. पण ती एक गोष्ट नेहमी सांगायची: पहिल्या खेपेला हसायचं नाही. "शंभरातल्या नव्याण्णव पोरी नुसत्या घाबरलेल्या असतात. एकीला मात्र पाण्याबद्दल विचारायचंच नसतं. ती पाण्याबद्दल विचारते, कारण दुसरं विचारायला तोंड नसतं. ती कोण ते दार लावल्याशिवाय कळत नाही."

दार लावून सांगायच्या गोष्टी रघुनाथ धोंडो कर्व्यांनी दार उघडं टाकून सांगितल्या, त्याची किंमतही मोजली. जुलै 1927 पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते आणि वाचकांच्या शंकांना नावानिशी, छापील उत्तरं देत होते. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला चालला तो या उत्तरांसाठीच. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी 200 रुपये दंड झालाच. लोकांनी विचारलं आणि या माणसानं सांगितलं, हा गुन्हा. गणिताचा प्राध्यापक होता तो, त्यामुळे प्रश्नाला उत्तर असतं असं त्याला वाटणं साहजिक होतं. मुंबईच्या डॉ. महिंदर वत्सांनी तर वयाच्या ऐंशीनंतर वर्तमानपत्रात हेच काम धरलं आणि पंधराएक वर्षं चालवलं, थोडं मिश्कीलपणे. 2020 च्या डिसेंबरात ते गेले. मधे नव्वद वर्षं गेली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि प्रश्न पुष्कळसे तिथंच होते. माहिती कमी पडते म्हणून ते टिकतात, असं मला आता वाटत नाही. माझी मैत्रीण बारावी सायन्सच्याच बहिणीची साक्ष काढत होती.

हे सगळं मला न्यूनेनमध्ये आठवतं, आणि त्याला एकटा क्लोरीन जबाबदार नाही. या गावातही एक अशीच गोष्ट होऊन गेली आहे.

न्यूनेन म्हणजे नेदरलंड्समधल्या आइंडहोव्हनच्या कुशीतलं लहानसं गाव. आमच्यासारखी बरीच घरं इथं आली ती चिपची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांच्या नोकऱ्यांपायी. गणपतीला आम्ही कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतो आणि आरतीत मधली कडवी गुणगुणतो. पण गावाला ओळख आहे ती एकाच भाडेकरूची. व्हिन्सेंट व्हॅन गॉग डिसेंबर 1883 मध्ये इथं आईवडलांकडे राहायला आला आणि नोव्हेंबर 1885 मध्ये गेला. (इथले लोक त्याला ‘फान खोख’ म्हणतात, घसा खाकरल्यासारखं, मला ते अजून जमत नाही.) वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, गाव बहुतेक कॅथलिक. वडिलांचं ते घर अजून उभं आहे, समोर रस्ता, पलीकडे जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत संग्रहालय. ‘बटाटे खाणारे’ हे चित्र त्यानं इथंच केलं, एप्रिल-मे 1885 मध्ये. गेरवेनच्या रस्त्याला द ग्रूट म्हणून शेतकरी कुटुंब राहायचं, त्यांच्या झोपडीत संध्याकाळी दिवा लागला की हा जाऊन बसायचा. त्या घरची गोर्डिना, वय तीस. पांढरी टोपी, रुंद हाडं, जाड ओठ. तिचं डोकं त्यानं त्या वर्षात पुन्हा पुन्हा रंगवलं.

आणि गोर्डिनाला दिवस गेले.

लग्न झालेलं नव्हतं. गावानं बोटं मोजली असतील, मोजतातच. बाईच्या तोंडाकडे तास-तास टक लावून बघणारा, लाल दाढीचा, देवळात न जाणारा, परक्या पंथाचा, पस्तीसच्या आतला एक पुरुष गावात उघड्यावर हिंडत होताच. निकाल लागला. सप्टेंबरात व्हिन्सेंट भावाला, थिओला, पत्रातून सांगतो की जिला मी बरेचदा रंगवलं त्या मुलीला मूल होणार आहे आणि लोक माझं नाव घेताहेत, पण तो मी नव्हे. खरी हकीकत मला त्या मुलीनंच सांगितली आहे, असंही तो लिहितो; गावच्या कॅथलिक पाद्र्याच्याच कळपातला एक जण तिच्याशी फार वाईट वागला. कोण, ते नाव तो भावालाही लिहीत नाही.

पाद्री आंद्रेआस पाउव्हेल्स यांनी आधी त्याला समजावलं होतं की आपल्यापेक्षा खालच्या लोकांत फार मिसळू नये. मग त्यांनी आपल्या लोकांना बजावलं की त्याच्यासमोर चित्राला बसायचं नाही, आणि न बसणाऱ्याला पैसे देऊ केले. लोक म्हणाले, तुमच्याकडे मागण्यापेक्षा त्याच्याकडून कमावलेले बरे. हे व्हिन्सेंटनंच लिहून ठेवलं आहे, त्यामुळे थोडी फोडणी धरून चाला. त्यात गंमत अशी की त्याची चित्रं काढायची खोली होती ती त्याच कॅथलिक चर्चच्या सेवकाच्या घरात. म्हणजे भाडं घ्यायला हरकत नव्हती.

मला या सगळ्यात राहून राहून गोर्डिनाचंच कोडं पडतं. चित्राला बसून दिवस जातात, असं गावानं शब्दांत म्हटलं नसेल. पण पाद्र्यानं बंदी घातली ती कशावर? रात्री-बेरात्री हिंडण्यावर नव्हे, शेतात एकटं जाण्यावर नव्हे. घातली ती चित्राला बसण्यावर, जसं माझ्या मैत्रिणीनं टँकवर काट मारली होती. जो कोणी होता तो त्या रविवारीही चर्चच्या बाकावर बसला असेल, आणि सगळ्यांबरोबर त्यानंही मान हलवली असेल. त्याला किती बरं वाटलं असेल त्या चित्रकाराचं गावात असणं!

मूल ऑक्टोबरात झालं, मुलगा. आता माझ्या बोटांना सवय आहे म्हणून मोजते: ऑक्टोबरातून नऊ मागे गेलं की जानेवारी. म्हणजे एप्रिलच्या त्या संध्याकाळी दिव्याखाली गोर्डिना ताटात काटा खुपसून बसली आहे तेव्हा तिला तिसरा सरून चौथा लागत असेल. शाळेच्या सहलीतली मुलं त्या चित्राच्या प्रतीसमोर उभी राहून माणसं मोजतात आणि पाच म्हणतात. मी सहा मोजते. ती शेजारच्या माणसाकडे जे बघते आहे, ते काही विचारावं की नको अशा नजरेनं बघते आहे, असं मला वाटतं. पण मला ते वाटणारच.

2022 साली एडिंबरोच्या संग्रहालयात अशाच एका पांढऱ्या टोपीवालीच्या चित्राची क्ष-किरण तपासणी झाली. ती बाई गोर्डिनाच असावी असं तिथल्या जाणकारांचं मत आहे. चित्राच्या मागच्या बाजूला पुठ्ठा आणि गोंद यांच्याखाली दुसरं एक चित्र सापडलं: व्हिन्सेंटचा स्वतःचा चेहरा. पैसे वाचवायला तो कॅनव्हासची मागची बाजू वापरायचा, एवढंच त्याचं कारण. मी बातमी वाचली आणि मला न्यूनेनचे ते सगळे जुने लोक दिसले, एकमेकांना कोपरानं ढोसत: बघा, आम्ही म्हणत नव्हतो? बाईच्या मागे हाच निघाला.

आजी श्रावणात नवनाथ भक्तिसार वाचायची. त्या पोथीत सरळ मार्गानं फारसं कोणी जन्मत नाही. मच्छिंद्र माशाच्या पोटी, कानिफ हत्तीच्या कानातून, जालंदर यज्ञकुंडातून, गहिनी मुलांनी खेळताना केलेल्या मातीच्या बाहुल्यातून. आम्ही पोरं हे डाळ-गूळ खात ऐकायचो आणि कुणाला शंका यायची नाही. गोरक्षाची गोष्ट मात्र मला अलीकडे वेगळी ऐकू येते. मच्छिंद्रनाथ एका बाईला मूल व्हावं म्हणून भस्म देतात. शेजारणी म्हणतात, अगं, असले गोसावी काय देतील नेम नाही. आणि ती घाबरून भस्म शेणाच्या उकिरड्यावर टाकून देते. म्हणजे पोथीतसुद्धा एक बाई आहे जिला भलत्या वाटेनं दिवस जाण्याची भीती वाटली, आणि तिच्या कानाशी लागलेली मैत्रीणही आहे. फक्त पोथीत उकिरड्यातून गोरक्षनाथ निघाला.

कुंतीनं सूर्याचं नाव सांगितलं आणि पेटी नदीत सोडली. पुढे पंडूच्या संमतीनं यमधर्म आला, वारा आला, इंद्र आला. इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये त्या धर्माच्या मागे एखादा हाडामासाचा माणूस असेल का असं शोधलं आणि विदुराकडे बोट दाखवलं. रघुनाथरावांची ही भावजय. त्या घराला दार उघडं टाकायची खोडच असावी. मला ते वाचताना दर खेपेला वाटतं की कुंतीला मात्र सूर्य सोयीचा होता. सूर्याला कोण जाब विचारणार? नाव घ्यायची चोरी असली की बायकांना सूर्य लागतो, वारा लागतो, कधी टँकचं पाणी. पण हीच नावं दुसऱ्यांनी घेतली की बाई अडकते. गोर्डिनानं व्हिन्सेंटचं नाव घेतलं नव्हतं.

या देशात आमच्या गांधारीचीही बहीण आहे. हेगजवळ लोसडाउनेन नावाचं ठिकाण आहे. तिथं हॉलंडच्या फ्लोरिस चौथ्याची मुलगी मार्गारेटा हिनं 1276 च्या गुड फ्रायडेला 365 मुलांना जन्म दिला अशी कथा. जुळी घेऊन भीक मागायला आलेल्या बाईला ती म्हणाली होती, एका नवऱ्यापासून दोन कशी होतील? त्या बाईचा शाप लागला. मुलांना ज्या दोन पितळी परातींत बाप्तिस्मा दिला त्या चर्चमध्ये टांगल्या होत्या, आणि मूल न होणाऱ्या बायका लांबून येऊन त्यांत हात धुवायच्या. इंग्लंडचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स 1660 मध्ये त्या बघून गेला. कोणी एका शहाण्यानं उलगडा केला आहे: तेव्हा तिथं वर्ष ईस्टरला बदलायचं, म्हणजे गुड फ्रायडेला वर्षाचे दिवस राहिले होते दोन. वर्षात दिवस तितकी मुलं, म्हणजे जुळी. हा उलगडा मला पटतो आणि तरीही परातींचं वाईट वाटतं. हात धुवायला आलेल्या त्या बायकांना मी काय म्हणून हसू? एकीला पाण्याची भीती, एकीला पाण्याची आशा.

इथून दीड तासावर डेल्फ्ट. तिथं 1677 मध्ये आंतोनी फान लेवेनहूक नावाच्या कापडवाल्यानं आपल्या भिंगातून ते वळवळणारे जंतू पहिल्यांदा नीट पाहून लंडनला कळवले, आणि पत्रात आवर्जून सांगितलं की हे मी काही पाप करून मिळवलेले नाहीत, वैवाहिक संबंधातलेच आहेत. विद्वानांना किळस वाटली तर पत्र दडपून टाका. एवढा मोठा शोध, आणि पहिला घाम फुटला तो लोक काय म्हणतील याचा. मावशीला हे सांगायचं राहूनच गेलं.

सप्टेंबरनंतर न्यूनेनमध्ये व्हिन्सेंटसमोर बसायला कोणी येईना. मग त्यानं त्या शरदात बटाट्यांच्या टोपल्या रंगवल्या, सफरचंदं रंगवली, आणि पक्ष्यांची घरटी. गावची पोरं त्याला घरटी आणून देत, तो पैसे देई. तीसेक घरटी कपाटात जमली होती म्हणतात. काळ्या पार्श्वभूमीवर फांदीत अडकलेली रिकामी घरटी, एखाद्यात दोन-तीन अंडी. नोव्हेंबरात तो अँटवर्पला गेला, पुन्हा या देशात आला नाही.

गोर्डिना मात्र इथंच होती. पोहण्याहून परतताना आम्ही कधी कधी गेरवेनच्या रस्त्यानं येतो. धाकटीच्या केसांचं पाणी जॅकेटच्या कॉलरवर ठिबकत असतं, ती पुढे दामटत असते, आणि मी मागे राहते. ती झोपडी आता नाही. मी उगाच तो नोव्हेंबर मनाशी रचत बसते. बाळ महिन्याचं झालंय, चुलीशी पाळणा. शेजारच्या बायका रीतीप्रमाणे एकेक करून भेटायला येताहेत, आमच्याकडे बारशाआधी येतात तशा, हातात काहीबाही घेऊन. बाळाच्या डोक्यावर विणलेली टोपी. आणि प्रत्येक जण, गाल कुरवाळायचं निमित्त करून, ती टोपी जराशी मागे सारून बघते आहे, केस लाल आहेत का.